मोगरा तहानलेला की बुडालेला?

चैत्र सरता सरता विदर्भात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि वैशाखात ४५ ला टेकतो. त्या दिवसांत गावोगाव फिरताना पुरुष मंडळी बियाण्याचे, खताचे विचारतात. पण मंडळी उठू लागली की दारामागून एखादी भगिनी हळूच विचारते, "साहेब, मोगऱ्यानं मान टाकली, काय करू?" प्रश्न लहान वाटतो. पण जिथे पिण्याचे पाणी टँकरने येते, तिथे कुंडीत ओतलेला प्रत्येक तांब्या कुणाच्या तरी डोक्यावरून आलेला असतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट दिले पाहिजे.

झाड मान का टाकते, ते आधी पाहू. पानांना बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी वाफ होऊन सतत बाहेर जाते आणि मुळे ते खालून पुरवतात. दुपारी हा खर्च इतका वाढतो की मुळांची कमाई पुरत नाही आणि पाने लोंबतात. ऊन उतरले की हिशेब जुळतो, झाड आपोआप ताठ होते. म्हणून दुपारी तीन वाजता झाड पाहून घाबरू नये. ते पहाटे पाहावे. रात्रभराच्या गारव्यानंतरही पाने लोंबलेली असतील, तरच दुखणे खरे.

आता दुसरी गोष्ट. मुळांना पाणी लागते तशी हवाही लागते. माती सतत चिखल राहिली की मुळे गुदमरतात, मग कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत. म्हणजे झाड पाण्यात उभे असते आणि वर पाने मात्र तहानेने लोंबतात! वरून पाहिले तर दोन्ही दुखणी सारखी. आपण समजतो, उन्हाने सुकले, आणि आणखी एक तांब्या ओततो.

अकोला जिल्ह्यातल्या एका गावात सोयाबीनच्या बियाण्याची उगवण कशी तपासावी हे दाखवायला गेलो होतो. शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून झाले, तेव्हा त्या घरच्या सूनबाईंनी ओट्यावरचा डबा दाखवला. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात मोगरा होता. लग्नानंतर पहिल्या पावसात माहेरून आणलेला. "रोज दोन टाइम पानी घालते जी, तरी वाळूनच राह्यला," त्या म्हणाल्या. सासूबाई म्हणाल्या, "सकाळी तर मी घालतो बाई!" मग नातू पुढे आला. शाळेला सुटी, म्हणून दुपारचा तांब्या त्याचा. मायेने तिघे पाणी घालत होते आणि डब्याच्या बुडाला एकही भोक नव्हते. बोट खुपसले तर माती थंडगार, चिकट, आंबूस वासाची.

सूनबाईंचे डोळे भरून आले. विहीर आटली होती. टँकरवर रांगेत उभे राहून आणलेल्या हंड्यातले आपल्या वाटणीचे पाणी त्या झाडाला देत होत्या. मी एवढेच म्हणालो, "ताई, झाड तुमच्या मायेवरच इतके दिवस तगले आहे. आता त्याला थोडी मोकळी हवा देऊ."

डबा आडवा करून झाड मातीसकट काढले. काळपट, मऊ झालेली मुळे धारदार चाकूने कापली, पांढरी, टणक तेवढी ठेवली. मुळे कमी झाली, म्हणून फांद्याही एक तृतीयांश छाटल्या. कळ्या तोडताना त्यांना वाईट वाटले, पण आजारी माणसाला कामाला लावू नये. नव्या मातीच्या कुंडीत भोकावर खापरी ठेवून दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग चांगले कुजलेले शेणखत भरले. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून वाळू हवीच. एकदा पाणी देऊन कुंडी निंबाच्या सावलीत ठेवली. दोन पेरे खोल बोट कोरडे निघेपर्यंत पुन्हा पाणी नाही, असे ठरले. आणि पाणी घालायचे एकट्या सूनबाईंनी.

पंधरवड्याने उगवणीचा निकाल विचारायला गेलो, तेव्हा एक फांदी वाळली होती. दुसरीवर पोपटी फुटवे होते.

तुमच्या कुंडीत बोट कोरडे निघाले, तर उपाय वेगळा. माती फार वाळली की कडेने सुटते. वरून घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली जाते आणि आतला गोळा कोरडाच राहतो. अशी कुंडी सावलीत नेऊन बादलीभर पाण्यात काठापर्यंत बुडवावी. बुडबुडे थांबले की काढून निथळू द्यावी. उरलेले पाणी तुळशीला घालावे. मातीवर पालापाचोळा किंवा गव्हाच्या भुशाचा दोन बोटे थर द्यावा. पत्र्याचा डबा तापतो, म्हणून त्याला ओले पोते गुंडाळावे आणि मावळतीचे ऊन टाळावे. पाणी भल्या पहाटे, खोडाशी न घालता कडेने द्यावे. संत्र्याला आपण दुहेरी आळे करतो ते यासाठीच, की पाणी खोडाला लागू नये.

आणखी एक सांगतो. मलूल झाडाला जोर यावा म्हणून चमचाभर युरिया टाकू नये. मातीत खताचे क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणे आणखी जड जाते. नवी पालवी फुटली की मूठभर शेणखत पुरे.

पाऊस लागला की मोगऱ्याची एक लवचीक फांदी वाकवून शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबावी आणि वर दगड ठेवावा. मुळ्या धरल्या की मूळ झाडापासून तोडून वेगळी करावी. माहेरचे झाड एकाच डब्याच्या भरवशावर ठेवू नये.