निवासाची अट

पीएच.डी. ही बुद्धीची परीक्षा होय, असे आपण विद्यार्थ्यांना सांगत असतो. अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय डॉक्टरेटधारक स्त्रियांची चरित्रे वाचताना मात्र आम्हांला जाणवले, की बुद्धीच्या आधी तिथे आणखी एक परीक्षा होती : राहण्याची.

जॉर्जियाना सिम्प्सन १९०७ मध्ये शिकागो विद्यापीठात आल्या. वसतिगृहातील काही गोऱ्या विद्यार्थिनींनी त्यांच्या तिथे राहण्यास हरकत घेतली. विद्यार्थिनींच्या अधिष्ठात्रीने त्यांना ठेवून घेतले. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी तो निर्णय फिरवला. वर्गाचे दार उघडे आणि वसतिगृहाचे बंद, अशा स्थितीत उन्हाळी सत्रे व पत्रद्वारा अभ्यासक्रम यांच्या आधाराने त्यांनी पदवी मिळवली आणि १९२१ मध्ये जर्मन विषयातील डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय होता हर्डरची 'लोक' ही संकल्पना. आपले कोण आणि परके कोण, हा प्रश्न त्यांना ग्रंथालयात जाऊन शोधावा लागला नसावा.

ॲना ज्यूलिया कूपर यांची कहाणी याहून गुंतागुंतीची आहे. १८५८ मध्ये गुलामीत जन्मलेल्या, वॉशिंग्टनमध्ये शिक्षिका असलेल्या कूपर यांनी १९१४ मध्ये कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास आरंभिला. (डॉ. आंबेडकर तेव्हा त्याच विद्यापीठात शिकत होते.) पुढच्याच वर्षी सावत्र भावाच्या पाच नातवंडांचा सांभाळ त्यांच्यावर आला. कोलंबियाची अट होती एक वर्ष तिथे राहण्याची. नोकरी आणि पाच मुले सोडून ते शक्य नव्हते. अखेर १९२५ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी पॅरिस विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. क्रांतिकाळातील फ्रान्सची गुलामगिरीविषयीची भूमिका या विषयावर, फ्रेंच भाषेत प्रबंध लिहून.

सिम्प्सन यांच्यावरील अन्याय उघड होता. त्याला नाव देता येते, त्याचा निषेध करता येतो. कूपर यांच्या बाबतीत मात्र कोणी दुष्ट नव्हते. नियम सर्वांना सारखाच होता, परंतु तो ज्याच्या घरी दुसरे कोणी मुले सांभाळते अशा संशोधकाला गृहीत धरून केलेला होता.

पॅट्रिशिया हिल कॉलिन्स यांनी १९८६ मधील आपल्या निबंधात आत असूनही बाहेरची राहणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीची विचारवंत म्हणून असलेली जागा उलगडून दाखवली. त्या जागेवरून जे दिसते ते ज्ञानाच्या उपयोगाचे असते, हा त्यांचा आग्रह. तो मान्य केला, तर कूपर यांना झालेला दशकाचा विलंब ही केवळ त्यांच्या चिकाटीची गौरवगाथा उरत नाही. त्या काळात विद्येचे किती नुकसान झाले, हेही मोजावे लागते. विभागात हजेरीचे आणि मुदतीचे नियम करणाऱ्या आपण सर्वांनी तो हिशेब एकदा मांडून पाहावा, असे आम्हांला वाटते.