बाप्तिस्मा एकदाच

नगर
रविवार, उपासनेनंतर

चि. सोनू हिला मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देण्याजोगं ते नाही, म्हणून लिहायला बसलो. पुण्यात तुम्ही ज्या फेलोशिपला जाता, तिथले पास्टर म्हणतात की तान्हेपणी डोक्यावर पाणी घातलं तो बाप्तिस्मा नव्हेच. कळत्या वयात, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करून, पाण्यात पूर्ण बुडून घेतला तरच तो खरा. जावईबापूंना हे पटलं आहे. तू मात्र मध्येच अडकली आहेस, आणि बाळाचं काय करायचं हेही त्यातच अडकलं आहे.

आधी त्या लोकांचं जे खरं आहे ते सांगतो. बुडवून दिलेल्या बाप्तिस्म्यात जे दिसतं ते आपल्या कुंडातल्या ओंजळभर पाण्यात तितकं दिसत नाही. पौल रोमकरांना लिहितो की बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणं, पुरलं जाणं आणि नव्या जीवनात उठणं. फिलिप आणि तो हबशी अधिकारी रथातून उतरून दोघेही पाण्यात गेले, असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. आपल्या भागात उन्हाळ्यात नदीला पाणी नसतं, तेव्हा शेततळ्यावर होणारे बाप्तिस्मे मी काठावर उभा राहून पाहिले आहेत. पास्टर कमरेएवढ्या पाण्यात, बाया पदर खोचून आणि पिना लावून ओळीत उभ्या, प्रत्येकीचे हात छातीवर घेतलेले. पास्टरांचा एक हात पाठीला, दुसऱ्या हातातला रुमाल नाकावर. पाठीवर आडवं करून पाण्याखाली नेतात आणि वर घेतात. वर येणाऱ्या माणसाचा चेहरा पाहिला की त्या बाप्तिस्म्याला हलकं लेखायची हिंमत होत नाही. डहाणूकडे ब्रदरन मिशनच्या जुन्या मंडळ्यांची रीत आणखी वेगळी. तिथे माणूस पाण्यात गुडघे टेकतो आणि त्याला पुढच्या बाजूला तीनदा बुडवतात, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने एकेकदा.

पण पाणी किती, यावर मंडळी कधीच अडून बसलेली नाही. ‘दिदाखे’ नावाची एक छोटी पुस्तिका आहे, पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराची. तिच्यात सांगितलंय की वाहतं पाणी असेल तर उत्तम. नसेल तर दुसरं कुठलंही. थंड नसेल तर कोमट चालेल. आणि तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आधी उपास करावा, हेही आहे. प्रेषितांच्या इतक्या जवळच्या काळात हे लिहिलं गेलं. दुष्काळी मुलखातल्या माणसाला त्यातलं शहाणपण समजावून सांगावं लागत नाही.

खरी गाठ आहे ती वयाची. इथे कोणी इतिहासाचा दाखला देऊन एका दमात निकाल लावू लागला, तर सावध राहा. दोन्ही रीती फार जुन्या आहेत. उत्तर आफ्रिकेतला टर्टुलियन २०० सालाच्या आसपास म्हणतो, लेकरांची घाई कशाला, त्यांना वाढू द्या. त्याच आफ्रिकेत पन्नासेक वर्षांनी कार्थेजचा सिप्रियन आणि त्याच्याबरोबरचे बिशप ठरवतात की तान्ह्या बाळाला आठव्या दिवसापर्यंतसुद्धा थांबवू नये. कॉन्स्टंटाइन बादशहाने ३३७ साली मरणशय्येवर बाप्तिस्मा घेतला. ऑगस्टिनला त्याच्या विश्वासू आईनेही लहानपणी दिला नाही; ३८७ साली ईस्टरच्या रात्री मिलानमध्ये अँब्रोजच्या हातून तो झाला, आणि त्याच रात्री त्याच्या मुलाचाही. फिलिप्पैच्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याने मध्यरात्री सगळ्या घरादारासह बाप्तिस्मा घेतला, पण त्या घरात पाळणा होता की नव्हता हे लूकने लिहिलेलं नाही. तेव्हा बाळाच्या बाबतीत मी तुमच्यावर काहीही लादणार नाही.

आपल्या, म्हणजे बालबाप्तिस्मा मानणाऱ्या बाजूच्या लोकांनी काय केलं, तेही तुला ठाऊक हवं. १५२५ साली झुरिकमध्ये काही तरुणांनी एकमेकांना कळत्या वयातला बाप्तिस्मा दिला. शहराच्या कौन्सिलने त्यासाठी मरणाची शिक्षा ठरवली, आणि १५२७ च्या जानेवारीत फेलिक्स मान्झला हातपाय बांधून लिम्मात नदीत बुडवून मारलं. ज्या पाण्याने जीवन द्यायचं, त्याच पाण्याने बंधूला मारलं, तेही ख्रिस्ताच्या नावाने चालणाऱ्या शहरात. म्हणून तुमच्या फेलोशिपमधल्या कोणाला ‘चुकीच्या शिकवणीचे’ म्हणताना माझी जीभ अडखळते. त्यांच्या पूर्वजांनी या प्रश्नासाठी जीव दिले आहेत.

एवढं मान्य करूनही, तू दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेऊ नयेस असंच मला वाटतं. का, ते आता नीट ऐक.

येशू यार्देनेवर आला तेव्हा त्याने अजून एकही चमत्कार केला नव्हता, एकही दृष्टांत सांगितला नव्हता, एकही शिष्य जमवला नव्हता. योहानाकडे पापाची कबुली द्यायला आलेल्यांच्या रांगेत तो उभा राहिला. आणि पाण्यातून वर येताच आकाशातून पित्याने त्याला आपला लाडका पुत्र म्हटलं. काम नंतर सुरू झालं, प्रीती आधी जाहीर झाली. माझ्या सगळ्या सेवेत बाप्तिस्म्याविषयी याहून मोठं मला काही सापडलं नाही. बाप्तिस्म्यात आधी बोलतो तो देव. आपला विश्वास म्हणजे त्या बोलण्याला दिलेलं उत्तर. ते कोणी दहाव्या वर्षी देतो, कोणी चाळिसाव्या. आणि खरं पाहता रोज द्यावं लागतं. उत्तर उशिरा आलं म्हणून आधी बोललेलं खोटं ठरत नाही. आईने बाळाला नावाने हाक मारायची, ती त्याला नाव कळायला लागल्यावर नव्हे. हाका ऐकूनच त्याला आपलं नाव कळतं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण तुझ्या पास्टरांनी दिलं, असं तू लिहिलंस. बरं केलं त्यांनी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज इथे रमाबाईंनी आपल्या छोट्या मुलीसह, मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी आपल्या साक्षीत लिहिलं की त्या वेळी ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त स्वतः भेटला तो आठ वर्षांनी, १८९१ मध्ये. तुझे पास्टर यातून म्हणतात, पहिल्या पाण्याचा काय उपयोग झाला? मी हेच उलट वाचतो. त्या आठ वर्षांत रमाबाई किती झगडल्या! वाँटेजच्या सिस्टरांशी पत्रांतून वाद घातला, त्रैक्यावर प्रश्न विचारले, कोणत्याही चर्चच्या अधिकारापुढे आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण ठेवायला नकार दिला, अमेरिकेत गेल्या, परत येऊन शारदा सदन काढलं, टीका सोसली. या सगळ्या काळात त्यांना धरून कोण होतं? त्यांना जे कळलं नव्हतं त्याआधीच त्यांना कोणीतरी आपलं म्हटलं होतं. एवढ्या प्रखर बुद्धीच्या, कळत्या वयात स्वतः निर्णय घेतलेल्या बाईलाही बाप्तिस्म्याचा पूर्ण अर्थ त्या दिवशी कळला नाही. मग ‘पूर्ण कळल्यावरच’ ही अट कोण पुरी करेल? ज्या दिवशी तुला आजच्याहून जास्त कळेल, त्या दिवशी तिसऱ्यांदा घेणार का?

आणि तोंडाने कबुलीचं म्हणशील, तर ती तू दिली आहेस. दृढीकरणाच्या दिवशी सगळ्या मंडळीसमोर तू प्रश्नांची उत्तरं दिलीस आणि बिशपांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवले. त्या दिवशी मी हजर होतो. तुझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आला होता.

तुझी दुसरी शंका मला जास्त लागली. ज्या पाळकांनी तुला पाणी दिलं ते पुढे मंडळीच्या जमिनीच्या भानगडीत सापडले, कोर्टकचेऱ्या झाल्या. अशा हातून घेतलेला बाप्तिस्मा चालतो का? सोनू, हा प्रश्न सोळाशे वर्षांहून जुना आहे. ३०३ साली सुरू झालेल्या छळात उत्तर आफ्रिकेतल्या काही पुढाऱ्यांनी घाबरून पवित्र शास्त्राच्या प्रती शिपायांच्या हवाली केल्या. छळ संपल्यावर डोनाटसच्या पक्षाचे लोक म्हणू लागले की अशांच्या हातचे संस्कार रद्द. आमच्याकडे या, पुन्हा बाप्तिस्मा घ्या. मंडळीने ते नाकारलं, आणि पुढे ऑगस्टिनने ठामपणे मांडलं की बाप्तिस्मा देणारा खरा ख्रिस्तच आहे, पाळक केवळ हात आहे. हे नाकारलं तर आपल्यापैकी एकाचाही बाप्तिस्मा शाबूत राहणार नाही; कारण निर्मळ हात आणायचा कुठून? त्या पाळकांच्या वागण्याचा हिशोब ते प्रभूला देतील. तुझ्या कपाळावर पडलेल्या पाण्याचा त्या हिशोबाशी संबंध नाही.

एका मिशन हॉस्पिटलमधल्या म्हाताऱ्या नर्सबाई मला आठवतात. एकदा रात्री सातव्या महिन्यात जन्मलेलं एक बाळ वाचेल असं दिसेना. बाप पाळकांना आणायला सायकलवर गेला होता. आईने विचारलं, तुम्ही द्याल का? बाईंनी उकळून गार केलेलं पाणी चमच्यात घेतलं, तीन थेंब त्या लिंबाएवढ्या डोक्यावर सोडले आणि त्रैक्याचं नाव घेतलं. पाळक पोचले तोवर बाळ गेलं होतं. त्यांनी पुन्हा काही केलं नाही. नोंदवहीत तारीख लिहिली, बाळाचं नाव लिहिलं, आणि बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात नर्सबाईंचं. जिवाला धोका असेल तेव्हा कोणीही विश्वासणारा बाप्तिस्मा देऊ शकतो, ही मंडळीची फार जुनी समजूत आहे. त्या बाळाने कोणती कबुली दिली? माझ्या मते त्याच्याएवढा पूर्ण बाप्तिस्मा कोणाचाच नाही.

एक गोष्ट आपल्या घरची. आपल्या महाराष्ट्रात पाणी हे कधीच नुसतं पाणी नव्हतं. कोणाच्या हातचं, कोणत्या विहिरीचं, यावर माणसाची किंमत ठरत होती. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर फुटलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई वर्षानुवर्षं दूर राहिल्या, मग परत आल्या, पण सोवळं-ओवळं सांभाळून. त्यांच्या मनातून जातीचा विटाळ आधी गेला, आणि त्यानंतर १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. तुझ्या पणजोबांना गावच्या पाणवठ्यावर पाऊल टाकायची मुभा नव्हती. चर्चच्या कुंडात मात्र त्यांच्यासाठी आणि त्याच मंडळीत आलेल्या ब्राह्मण कुटुंबासाठी पाणी एकच होतं. आजही लग्न जुळवताना आपल्याच माणसांना पूर्वीची जात आठवते, तेव्हा मला राग येतो तो याचसाठी. त्या पाण्यात उतरून पुन्हा वेगळे कसे होता? आणि किंमतही कमी नाही. अनुसूचित जातींबाबतच्या १९५० च्या आदेशात पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध समाविष्ट झाले. ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. नोंदवहीत नाव आलं की सवलत जाते, म्हणून कितीतरी कुटुंबं वर्षानुवर्षं उपासनेला येतात आणि कुंडापाशी थांबतात. त्यांना भित्रे म्हणू नकोस. टिळकांनीही १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ उभा केला तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. पण ज्यांनी किंमत मोजून आपली लेकरं त्या पाण्यापाशी आणली, त्यांच्या पुढच्या पिढीने ‘ते काही नव्हतंच’ असं म्हणावं, हे मला सोसत नाही.

आता बाळाचं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन आपली उत्तर भारताची मंडळी झाली. अँग्लिकन होते, मेथॉडिस्ट होते, बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही होते. वाटाघाटी चाळीसेक वर्षं चालल्या आणि बाप्तिस्मा हा त्यातल्या सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक होता. शेवटी ठरलं की बालबाप्तिस्मा आणि कळत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही मान्य. तेव्हा जावईबापूंचं मन आता तयार नसेल तर बाळाचं अर्पण करून घ्या. मोठं झाल्यावर त्याला हवं तर शेततळ्यात बुडवून बाप्तिस्मा घेऊ दे, मी असलो तर काठीचा आधार घेऊन काठावर येईन. दोघांनाही आता द्यावासा वाटला तर डिसेंबरमध्ये या. मात्र समारंभ आटोपून जेवायला पळायचं असेल तर नको. बाळासाठी तुम्ही वचन देता, धर्ममातापिता देतात आणि सगळी मंडळी उभी राहून देते. त्या वचनाला रोजच्या घरच्या प्रार्थनेचा आधार नसेल, तर तुझ्या पास्टरांची टीका आपल्यावर अगदी बरोबर लागू पडते. धर्मपिता निवडताना दुबईचा श्रीमंत काका बघू नका. बाळाला प्रार्थना शिकवेल असा माणूस बघा.

आणि तुझं उत्तर. नाही. तुझा बाप्तिस्मा झालेला आहे. नायसीन मतांगीकारात आपण एकच बाप्तिस्मा मानतो असं दर प्रभुभोजनाला म्हणतो, ते तुझ्याबद्दलही आहे. फेलोशिपमध्ये जात राहा, त्यांची गाणी गा, त्यांच्याकडून शास्त्र वाचायची तळमळ शीक. पण पाण्यात उतरायला बोलावलं तर नम्रपणे सांग की मी उतरले आहे. जावईबापूंना हे पत्र वाचायला दे, आणि त्यांचं म्हणणं मला त्यांच्याच अक्षरात कळव.

तुझा
मामा