एका फ्रेमसाठी घडलेला कॅमेरा

स्थिरचित्रणासाठी घडवलेल्या कॅमेऱ्यावर चित्रपट चित्रित करण्याची वाट 2008 साली उघडली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये निकॉनने डी90 हा व्हिडिओ घेऊ शकणारा पहिला डीएसएलआर जाहीर केला आणि पुढच्याच महिन्यात कॅननच्या फाइव्ह-डी मार्क टूची घोषणा झाली. तथापि या दोन माध्यमांचे नाते याहून बरेच जुने असून त्याची सुरुवात उलट दिशेने झालेली आहे. जर्मनीतील वेट्झलार येथील लाइट्झ कंपनीत ओस्कर बार्नाक यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जो लहानसा कॅमेरा तयार केला, त्यात सिनेमाचीच 35 मिलिमीटरची फिल्म वापरलेली होती. सिनेमाच्या कॅमेऱ्यात ही फिल्म उभी सरकते आणि एका चौकटीच्या वाट्याला 18 बाय 24 मिलिमीटर जागा येते, ती बार्नाक यांनी आडवी सरकवली आणि दोन चौकटींची जागा एकत्र करून 24 बाय 36 मिलिमीटरची चौकट मिळवली. 1925 मध्ये लायका या नावाने हा कॅमेरा बाजारात आला आणि छायाचित्रणात ते माप कायमचे रुजले. आज ज्याला फुल फ्रेम म्हणतात तो सेन्सर, म्हणजे प्रकाशाचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणारा पट, याच मापाचा असतो. सिनेमाने उसने दिलेले माप अशा रीतीने ऐंशीहून अधिक वर्षांनी दुप्पट होऊन सिनेमाकडे परतले, आणि फाइव्ह-डी मार्क टूसारख्या कॅमेऱ्याचे आकर्षण व त्याच्या बहुतेक अडचणी या दुपटीतूनच उगम पावतात.

त्या काळी वृत्तांकनासाठी, माहितीपटांसाठी आणि लग्नाच्या चित्रीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक व्हिडिओ कॅमेऱ्यांचा सेन्सर जेमतेम पाच मिलिमीटर रुंदीचा असे, त्यामुळे समोरचा चेहरा आणि मागची भिंत दोन्ही सारखीच स्पष्ट दिसत. सिनेमासारखी धूसर पार्श्वभूमी हवी असणारे लोक लेन्सच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये दुधी काच असलेले जड अडॅप्टर बसवून निम्मा प्रकाश गमावत. अशा वेळी क्षेत्रफळाने सुमारे पन्नास पट मोठा सेन्सर हाती आल्यावर या मंडळींना जो हर्ष झाला तो समजण्याजोगा आहे. पण त्या हर्षाच्या भरात एक सवय जडली आणि ती पुढे अनेकांना सोडता आली नाही. डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे चित्रात पुढून मागे जेवढा पट्टा स्पष्ट दिसतो त्याची खोली, ही सेन्सर मोठा असेल, लेन्सचे छिद्र मोकळे असेल आणि विषय जवळ असेल तर फारच कमी होते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 85 मिलिमीटरची लेन्स एफ 1.8 वर उघडून दीड मीटरवरच्या माणसाचा चेहरा घेतला, तर हा पट्टा सुमारे साडेतीन सेंटिमीटरचा राहतो. बोलता बोलता त्या माणसाने मान किंचित पुढे केली की डोळे धूसर होतात आणि कानाची पाळी स्पष्ट होते. स्थिरचित्रकाराला शटर दाबण्याच्या एका क्षणापुरतेच डोळे सापडले तरी पुरते. चित्रपटात मात्र ते वाक्याच्या पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सापडलेले असावे लागतात.

छायाचित्रणाच्या लेन्सची घडणही या कामाला साथ देत नाही. सिनेमाच्या लेन्सवरील फोकसची कडी पुष्कळ फिरते आणि तिच्यावर अंतराच्या खुणा दाटीने कोरलेल्या असतात, म्हणून फोकस पुलर, म्हणजे केवळ स्पष्टता सांभाळणारा साहाय्यक, अभिनेत्याच्या पावलांशी ती कडी मेळवू शकतो. उलट छायाचित्रणाच्या लेन्सला झटपट फोकस करायचे असल्याने तिची कडी थोड्याशा वळणात सारे अंतर ओलांडते. त्यातच डीएसएलआरमध्ये व्हिडिओ सुरू करताना आतला आरसा वर उचलला जातो आणि डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर काळा पडतो, त्यामुळे मागच्या तीन इंची पडद्यावर, तोही भर उन्हात, साडेतीन सेंटिमीटरचा पट्टा शोधावा लागतो. पडद्यावर भिंग बसवणे, जमिनीवर टेपच्या खुणा करणे, छिद्र एफ 4 किंवा 5.6 पर्यंत आवळणे, हे सारे उपाय जाणकारांनी लवकरच अंगीकारले, आणि यांपैकी शेवटचा उपाय सर्वांत सोपा असूनही सर्वांत उशिरा स्वीकारला गेला, कारण त्यात ती मोहक धूसरता कमी होते. पात्र कोणत्या खोलीत, कोणत्या गल्लीत, कोणत्या माणसांत उभे आहे हेच पुसून टाकणारी धूसरता कथेचे नुकसान करते, हे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

प्रकाशाच्या बाबतीत दोन माध्यमांची गणिते मुळातच वेगळी आहेत. छायाचित्रकार उजेड वाढला की शटरचा वेग वाढवतो. चित्रपटात तसे करता येत नाही, कारण हालचाल डोळ्याला स्वाभाविक वाटावी यासाठी प्रत्येक चौकट सामान्यतः आपल्या वाट्याच्या निम्म्या वेळापुरतीच उघडी ठेवतात, म्हणजे सेकंदाला 25 चौकटी असतील तर शटर 1/50 सेकंदाला बांधलेले असते. भर दुपारी आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, 100 ठेवून 1/50 वर छिद्र एफ 22 च्या आसपास जाते. तेथून एफ 2.8 वर यायचे तर प्रकाश सहा स्टॉपने, अर्थात चौसष्ट पटीने, कमी करावा लागतो आणि त्यासाठी रंग न बदलता उजेड रोखणारी करडी काच, एनडी फिल्टर, लेन्सपुढे लावावी लागते. व्यावसायिक व्हिडिओ कॅमेऱ्यात ही काच बहुधा आतच असते, छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यात नसते. भारतात आणखी एक अडचण होती. येथील वीज 50 हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते, आणि फाइव्ह-डी मार्क टू आरंभी फक्त 30 चौकटींच्या वेगाने चित्रण करत असे व शटर स्वतःच्या मर्जीने ठरवत असे, त्यामुळे शटर 1/60 सारख्या आकड्यावर गेले की चित्रात पट्टे सरकताना दिसत. छिद्र तरी आपल्या ताब्यात राहावे म्हणून अनेकांनी निकॉनच्या जुन्या हाताने फिरवायच्या लेन्स अडॅप्टर लावून कॅननवर चढवल्या. 2009 च्या मध्यास फर्मवेअर बदलून शटर व छिद्र हाती आले. 24 आणि 25 चौकटींचा वेग मिळण्यास मात्र मार्च 2010 उजाडला.

फाइव्ह-डी मार्क टूचा सेन्सर 21 मेगापिक्सेलचा आणि व्हिडिओची चौकट जेमतेम दोन मेगापिक्सेलची, हे अंतर भरून काढताना कॅमेरा सगळ्या ओळी वाचत नसे, मधल्या ओळी गाळून पुढे जात असे. बारीक चौकडीचा सदरा, दूरचे कौलारू छप्पर, खिडकीची जाळी, जेथे जेथे एकसारख्या रेघा दाटीने येतात तेथे गाळलेल्या ओळींमुळे मुळात नसलेले तिरके रंगीत चट्टे उमटत आणि कॅमेरा हलला की तेही वळवळत. याला मॉइरे म्हणतात, आणि संकलनाच्या टेबलावर तो पुसण्याचे समाधानकारक साधन नसल्याने वेशभूषाकारालाच आधी सांगून ठेवावे लागे. उरलेल्या ओळीही एकाच वेळी न वाचता वरून खाली क्रमाने वाचल्या जात, त्यामुळे लोकलच्या खिडकीतून चित्रण केले की रुळांलगतचे खांब एका बाजूला कलंडलेले दिसतात. आवाजाचे तर बोलायलाच नको. संवाद वेगळ्या रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित करावे आणि क्लॅपच्या टाळीवर चित्राशी जुळवून घ्यावे, ही फिल्मच्या काळातील शिस्त डिजिटल पिढीला या कॅमेऱ्याने पुन्हा शिकवली.

एवढ्या उणिवा असूनही चित्रपटकर्त्यांनी तो सोडला नाही, याचे कारण त्याच्या आकारात आहे, आणि या कॅमेऱ्याचे सर्वांत मोठे देणे तेच मानावे लागेल. ‘हाऊस’ या अमेरिकी मालिकेच्या सहाव्या पर्वाचा अखेरचा भाग, जो मे 2010 मध्ये प्रसारित झाला, संपूर्णपणे फाइव्ह-डी मार्क टूवर चित्रित झाला होता. त्यातील बराचसा प्रसंग कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्याखाली घडतो, आणि जेथे नेहमीचा कॅमेरा व त्याचा लवाजमा शिरणेच कठीण, तेथे हा अभिनेत्यांच्या चेहऱ्याशेजारी ठेवता आला. अमोल गुप्ते यांचा ‘स्टॅनली का डब्बा’ हा 2011 चा चित्रपट अमोल गोळे यांनी कॅननच्या सेव्हन-डीवर चित्रित केला. शनिवारच्या कार्यशाळांतून मुलांना घेऊन केलेल्या या चित्रणात मुलांच्या वागण्यातला मोकळेपणा टिकला, कारण समोर जे यंत्र होते ते त्यांना घरच्या फोटोंच्या कॅमेऱ्यासारखेच दिसत होते. वर्गात ट्रॉली, भलेमोठे दिवे आणि डझनभर अनोळखी माणसे आली असती तर चित्रपटातील मुलांच्या डब्यावरून चाललेल्या गप्पा तशा उरल्या असत्या, असे वाटत नाही. आसाममधील रीमा दास यांनी ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ आपल्या गावातच, गावातील मुलांना घेऊन, अशाच कॅमेऱ्यावर स्वतः चित्रित व संकलित केला आणि 2018 मध्ये तो सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. पूर आला, पीक बुडाले, पाऊस थांबला की कॅमेरा उचलून बाहेर पडणे ज्या कामात शक्य होते, ते काम मोठ्या युनिटच्या तारखांत बसणारे नव्हते.

आता आरसा गेला आहे, मिररलेस कॅमेऱ्यात सेन्सरवरील चित्र थेट डोळ्याला दिसते, अनेक कॅमेरे ओळी न गाळता पूर्ण सेन्सर वाचतात, आणि स्वयंचलित फोकस पात्राचा डोळा ओळखून त्याला चिकटून राहतो. एकट्या माणसाने माहितीपट करायचा असेल तर ही सोय अनमोल आहे आणि तिचा वापर निःसंकोचपणे करावा. दोन पात्रांच्या प्रसंगात मात्र अडचण उभी राहते, कारण यंत्र बहुधा जवळच्या किंवा मोठ्या दिसणाऱ्या चेहऱ्याकडे जाते आणि प्रसंगाचा भार कित्येकदा मागे गप्प बसलेल्या माणसावर असतो. आई मुलाला रागावते आहे आणि मागे दारात आजी ऐकते आहे, अशा दृश्यात स्पष्टता आईकडून आजीकडे कोणत्या शब्दावर सरकावी, सावकाश सरकावी की झटकन, की आजी शेवटपर्यंत धूसरच राहावी, हे संहिता वाचलेल्या माणसानेच ठरवायचे असते. म्हणून अशा दृश्यापुरता स्वयंचलित फोकस बंद करून, दोन्ही जागांवर टेप लावून आणि तालमीत दोनतीनदा कडी फिरवून पाहून मगच टेक घेण्याची पद्धत अनेक छायाचित्रणकारांनी आजही चालू ठेवली आहे.