पेन्सिलीवांचून

बैठक मारल्यावांचून विद्या नाहीं, असें आम्हीं शाळामास्तरांनीं पिढ्यान् पिढ्या सांगितलें, आणि तें खोटें नाहीं. परंतु बैठकीवरून उठल्यावर जें सुचतें त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं.

१९५६ सालची गोष्ट. एड्सखर डाइक्स्ट्रा हा तरुण डच गणिती अ‍ॅम्स्टरडॅम येथील गणितकेंद्रांत संगणकाच्या आज्ञावल्या रचीत असे. तेथील 'आर्मॅक' या नव्या संगणकाचें सामर्थ्य सामान्य लोकांस पटेल असा प्रश्न त्यास हवा होता. एका शहराहून दुसऱ्यास जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग कोणता, हा तो प्रश्न. एके सकाळीं वाग्दत्त वधूसह बाजारहाट करून दमल्यावर तो कॉफी पीत उघड्यावर बसला असतां वीस मिनिटांत त्यास रीत सुचली. निघाल्या शहरापासून आरंभ करावा. ज्यांचें अंतर निश्चित झालें त्यांच्या शेजारच्या शहरांचीं अंतरें मांडावीं. त्यांपैकीं मूळ स्थानापासून जें सर्वांत जवळ तें निश्चित मानावें, व पुनः तसेंच पुढें जावें. निश्चित झालेल्याकडे परत वळावें लागत नाहीं. प्रयोगासाठीं नेदरलंडांतील ६४ शहरें घेतलीं होतीं. १९५९ सालीं ही रीत छापली ती तीन पानांच्या लेखांत. आज संगणकशास्त्राचा विद्यार्थी ती शिकल्यावांचून पुढें जात नाहीं.

कागद-पेन्सिल जवळ नव्हती म्हणूनच ती इतकी सुटसुटीत झाली, असें त्यानें उतारवयांत सांगितलें. हातांत लेखणी नसली म्हणजे टाळण्याजोगा गुंता मनुष्यास टाळावाच लागतो. सूत्रें मुखोद्गत करीत वाढलेल्या माझ्यासारख्यास हें नवें नाहीं. जें डोक्यांत वागवावयाचें त्यास लाघव हवेंच.

हें सर्व आठवण्याचें कारण आमच्या सूनबाई. त्या हेंच काम घरून करितात. अडलेल्या प्रश्नाचें उत्तर त्यांना यंत्रापुढें क्वचितच सांपडतें. तें सांपडतें मेथी निवडतांना, नाहीं तर गच्चीवरचे कपडे काढतांना. अर्थात् आधीं चार तास ज्यानें यंत्रापुढें डोकें शिणविलें नाहीं, त्याला मेथी निवडून मेथीच मिळावयाची.

आतां त्यांच्या कचेरीनें अशी योजना केली आहे कीं, कळफलक किती वेळ स्तब्ध राहिला याची नोंद यंत्रच ठेवतें, आणि तो वेळ आळसाच्या खात्यावर पडतो. गेल्या महिन्यांत त्यांच्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. "बाबा, ज्या दुपारीं खरें काम झालें, नेमकी तीच दुपार त्यांनीं धरली आहे," एवढेंच त्या म्हणाल्या. तेव्हांपासून त्या यंत्रापुढून उठत नाहींत, आणि भाजीची जुडी ओट्यावर सुकते. माणसाचें मन मोजतां येत नाहीं म्हणून त्याचीं बोटें मोजावयाचीं, हा कारभार मला तरी अडाणीपणाचा वाटतो.

खुलाशांत डाइक्स्ट्राचें नांव घालावें, असें मीं सुचविलें. सूनबाई हंसल्या. त्या दुपारीं सुचून लिहिलेल्या आज्ञावलीच्या चाळीस ओळीच त्या खुलाशास जोडणार आहेत. पत्र उद्यां जाईल.