वेग कोण ठरवतो

गटाचा पुढारी कोण, हे आपण बहुधा आवाजावरून ठरवतो. जो चढ्या आवाजात बोलतो, हुकूम सोडतो, फोटोत मधोमध उभा असतो, तो पुढारी. ऑनलाइन खेळांतल्या डंजनांमध्ये, म्हणजे चार-पाच जणांनी मिळून पार करायच्या भुयारी मोहिमांमध्ये, हा समज पहिल्याच तासात मोडीत निघतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये आला. त्याच्या साध्या डंजनात पाच जण उतरतात. एक टँक, जाड चिलखत घालून शत्रूचा सगळा राग स्वतःवर ओढून घेणारा. एक हीलर, मागे राहून बाकीच्यांच्या जखमा भरणारा. उरलेले तिघं घाव घालणारे. शत्रू मरतो तो मुख्यतः या तिघांच्या हातून, पण पुढच्या दालनात कधी शिरायचं हे ते ठरवत नाहीत. ते टँक ठरवतो, कारण शिरल्यावर पहिला फटका त्याला बसणार असतो.

यातली एक बारीक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. हीलरकडे मॅना नावाची शक्ती मोजकी असते आणि पडद्यावर तिची निळी पट्टी सगळ्यांना दिसते. प्रत्येक उपचारागणिक ती उतरते. दोन चकमकींच्या मध्ये हीलरला खाली बसून, पाणी पिऊन ती भरून घ्यावी लागते. नवखा टँक स्वतःची तब्येत ठणठणीत आहे एवढंच बघतो आणि पुढचा घोळका अंगावर घेतो. मग निळी पट्टी रिकामी होते, टँक आडवा पडतो आणि पाठोपाठ बाकीचे चौघंही. मुरलेला टँक दालनाच्या तोंडाशी थांबतो. हीलर उठल्याशिवाय त्याचं पाऊल पुढे पडत नाही, आणि त्यासाठी त्याला एक अक्षरही बोलावं लागत नाही. माझं म्हणणं याच थांबण्याबद्दल आहे. गटाचा वेग ठरवण्याचा अधिकार भार झेललेल्याचा असतो, आणि तो वेग गटातल्या सर्वांत दमलेल्या माणसाकडे बघून ठरवावा लागतो.

ठाणे जिल्ह्यातल्या वाचकाला याचा पुरावा पडद्यावर शोधायला नको. २०१२ साली ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने नऊ थर लावले आणि ४३.७९ फूट उंचीची नोंद गिनीज बुकात झाली. अशा दिवशी कॅमेरे वरच्या एक्क्यावर खिळलेले असतात. जाणत्या प्रशिक्षकाची नजर मात्र खालच्या थरांतल्या पोटऱ्यांवर आणि खांद्यांवर असते. तिथे थरथर सुरू झाली की हंडी हाताच्या अंतरावर असली तरी तो थर उतरवायला सांगतो, आणि पथक ऐकतं. का ऐकतं? तो बहुतेक वेळा स्वतः त्याच खालच्या थरात वर्षानुवर्षं खांदे झिजवून आलेला असतो म्हणून. गुरुपौर्णिमेपासून चालणाऱ्या सरावात पोरं थर लावायला शिकतात, तसंच कोणाचे पाय कधी बोलू लागतात हेही ओळखायला शिकतात.

यावर कोणी म्हणेल, गोविंदा पडला तर हाडं मोडतात, खेळातला टँक मेला तर अर्ध्या मिनिटात पुन्हा उठतो. दोन्ही एका तागडीत कसे तोलता? जिवाच्या जोखमीची बरोबरी होत नाही, हे मान्यच आहे. पण नेतृत्वाची परीक्षा म्हणून डंजन सोपं आहे, हे मला पटत नाही. पथकाला गल्लीची, मंडळाची, नात्यांची बांधणी असते. कचेरीत पगार असतो. डंजनात यातलं काहीच नसतं. एक बटण दाबलं की माणूस गटाबाहेर. अशा ठिकाणी कोणी कोणाचं ऐकत असेल, तर ते निव्वळ खात्रीपोटी.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. गट जमवायला ओळखपाळख कशाला हवी? डिसेंबर २००९ मध्ये याच खेळात अनोळखी पाच जणांना आपोआप एकत्र आणणारी सोय आली आणि तासन् तास माणसं गोळा करत बसणं संपलं. २०१९ मध्ये खेळाची जुनी आवृत्ती पुन्हा आणताना ती मुद्दाम वगळली गेली. त्याच मालिकेतल्या पुढच्या आवृत्तीत २०२३ साली ती परत द्यावी लागली. लोकांना ती हवी होती, आणि त्यात गैर काही नाही. भिवंडीच्या गोदामातली पाळी संपवून दिघाशीला घरी परतलेल्या तरुणाकडे खेळायला तासभर असेल, तर त्याने तो माणसं शोधण्यात का घालवावा? पण यंत्र पाच जण जमवतं, त्यांच्यात थांबण्याची सवय रुजवू शकत नाही. पुन्हा कधी भेटायचंच नाही हे ठाऊक असलं, की निळ्या पट्टीकडे बघायची गरज वाटत नाही. एकदा सगळे पडले की एक जण न बोलता निघून जातो आणि उरलेल्यांवर पुन्हा रांगेत उभं राहण्याची वेळ येते. सोय जरूर वापरावी. तिने जमवलेल्या पाचांना संघ म्हणायची घाई मात्र करू नये.

म्हणून घरातला मुलगा फोनवर स्क्वॉड लावून खेळत असेल, तर किती वेळ खेळलास हे त्याला अवश्य विचारा. त्याबरोबर आज तू कोणासाठी थांबलास, हेही विचारा, आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.