घाटाला बंदर म्हणणारा मुलूख

व्हायादोलिद, स्पेन,
३ नोव्हेंबर

ती. स्व. नानामामांस,


तुमचं पत्र पोचलं. "धरण बघून आलीस आणि साठा किती, सांडवा कुठं, काही नाही. नुसते झाडांचे फोटो!" ही तक्रार रास्त आहे. पाटबंधारे खात्यात हयात काढलेल्या माणसाला पाइनची झाडं दाखवून गप्प बसवता येत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तेव्हा आधी तुमचा हिशेब.

धरणाचं नाव कुएर्दा देल पोसो. शब्दाला शब्द लावला तर 'आडाचा दोर'. दुएरो नदी उगमाकडून निघाली की तिला लागणारं हे पहिलं मोठं धरण. पूर्ण साठा २४९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे तुमच्या भाषेत पावणेनऊ टीएमसी. पानशेतहून थोडं लहानच, आणि तुमच्या उजनीपुढे तर तळं. पुरं झालं १९४१ साली. यादवी युद्ध संपून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. पाणी खालच्या कास्तियाच्या शेतीला आणि शहरांना. दुएरोचा एक कालवा आमच्या व्हायादोलिदलाही येतो. त्यामुळे गेली तीन वर्षं मी चहाला आधण ठेवते त्यातलं काही पाणी त्या डोंगरांतलं, हे मला तिथं गेल्यावर उमगलं. (चहा चांगला होतो, हे खरं.)

मैत्रिणीच्या जुनाट गाडीतून आम्ही दोघी शुक्रवारी दुपारी निघालो. धरण आहे तो सोरिया जिल्हा सगळा मिळून क्षेत्रफळाने पुणे जिल्ह्याच्या दोन तृतीयांश, आणि माणसं जेमतेम नव्वद हजार. म्हणजे चौरस किलोमीटरला नऊ. वाटेत गावं लागतात, दगडी चर्च लागतं, पण रस्त्यावर चिटपाखरू नाही. एका गावात चहाची टपरी शोधायला उतरलो तर एक कुत्रं तेवढं भेटलं, तेही झोपेतून न उठता शेपूट हलवून मोकळं झालं. मग अबेहार मागे पडलं, झाडी सुरू झाली, आणि उजवीकडे एकदम पाणी दिसलं.

पाणी म्हणण्यापेक्षा गाळ. ऑक्टोबरअखेर, उन्हाळ्याची आवर्तनं देऊन संपलेली. तुम्हाला ते दृश्य सांगायला नको: काठाकाठाने उतरत गेलेल्या पाण्याच्या रेघा, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या, वाळून पापुद्रे सुटलेली माती, मेलेल्या झाडांचे काळे खुंट. आणि मधोमध एक मनोरा उभा. ला मुएद्रा नावाचं गाव इथं होतं. धरणात गेलं. उरला तो चर्चचा मनोरा, आणि उंचावर होती म्हणून वाचलेली स्मशानभूमी.

मला लगेच उजनीत बुडालेलं पळसदेव आठवलं. मी सहावीत असेन. ऐन मे महिन्यात तुम्ही आम्हा भाचरांना जीपमध्ये कोंबून उजनीच्या पोटात घेऊन गेला होतात. देऊळ वर आलं होतं. आम्ही शिंपले वेचत होतो आणि तुम्ही एकटेच लांब कुठल्यातरी जोत्यापाशी उभे होतात. नंतर मामी म्हणाली, बुडणार असलेल्या घरांवर गेरूने नंबर टाकायचं काम तुमच्याकडे होतं, तेव्हा तुम्ही नोकरीला नवे होतात. तुम्ही स्वतः त्याबद्दल कधी बोलला नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

मनोऱ्याजवळ जाता आलं असतं, पण मैत्रिणीचा बूट घोट्यापर्यंत रुतला आणि तो काढण्यातच उजेड संपला.

मुक्काम विनुएसाला. ज्यांच्या घरी उतरलो त्या आजीबाई ऐंशी पार केलेल्या. घर दगडी, वर तांबडी कौलं, आणि स्वयंपाकघरावर एक अजब प्रकार: शंकूच्या आकाराचं भलंमोठं धुराडं. बाहेरून बघितलं तर छपरावर कुणी टोपी घालून बसलंय असं वाटतं. आत चुलीपाशी उभं राहून मान वर केली की लाकडाच्या काजळलेल्या भिंती निमुळत्या होत जातात आणि टोकाला रुपयाएवढं आकाश. पूर्वी या धुराड्याखाली अख्खं घर बसायचं, आणि वर सॉसेजच्या माळा धुरावर वाळायच्या. आता खाली गॅसची शेगडी आहे. माळा मात्र होत्या.

आता झाडांकडे येऊ, कारण फोटो उगीच नव्हते पाठवले. ही सगळी राने पाइनची. खोड खाली करडं, खरबरीत. वर जावं तसं साल पातळ होत जाते आणि शेंड्याकडे केशरी दिसते. संध्याकाळी उन्हाची तिरीप पडली की खालची अर्धी झाडं विझलेली आणि वरची अर्धी पेटलेली. पण मला खिळवलं ते निराळ्याच गोष्टीनं. काही झाडांच्या बुंध्याशी तळहाताएवढी साल तासलेली होती आणि आतल्या पांढऱ्या लाकडावर हातोड्याचा ठसा. वनखात्याने यंदा तोडायला दिलेली झाडं. ठशाभोवती डिंकाचे थेंब जमलेले; मी बोट लावलं तर रात्री जेवतानाही वास जाईना.

आजीबाईंना विचारलं तर त्या खुलल्या. इथल्या गावांत, म्हणजे विनुएसा, कोवालेदा, दुरुएलो वगैरे, एक जुना रिवाज आहे. त्याला 'सुएर्ते दे पिनोस' म्हणतात. सुएर्ते म्हणजे नशीब आणि सुएर्ते म्हणजे चिठ्ठी टाकून आलेला वाटाही. गावाच्या रानातून दरसाल जेवढं लाकूड निघेल त्याचे हिस्से हक्कदार गावकऱ्यांत पडायचे. पूर्वी खरीखुरी झाडं वाट्याला यायची, आता बहुतेक ठिकाणी लाकूड विकून पैसे वाटतात. हक्क मध्ययुगापासूनचा. आणि अट अशी की नुसतं गावचं आडनाव असून भागत नाही. गावात राहायला हवं, घर उघडं हवं. शहरात फ्लॅट घेऊन सुट्टीपुरतं येणाऱ्याला वाटा नाही.

"किती मिळतात?" मी सरळ विचारलं. आजीबाई हसल्या. आजोबांच्या काळी वर्षाचं भागायचं म्हणे. आता लाकडाला भाव कुठे? पण सोडत कुणी नाही. मला वाटतं, हा माणसांचा दुष्काळ असलेला मुलूख असूनही इथं शाळा चालू आहेत, बेकरीपुढे रांग आहे, लाकडाच्या वखारी आहेत, यामागे रान नुसतं जवळ असणं नाही. रान तर डोंगरापलीकडेही आहे. इथं रानात प्रत्येक पेटत्या चुलीचा वाटा आहे, म्हणून चूल विझवायला कुणी तयार नाही आणि रान पेटवायलाही. यात भांडणं नसतात असं नाही. कोण हक्कदार, कोण नाही, यावरून कोर्टापर्यंत गेलेले लोक आहेत. भावकी ती भावकी.

याच लाकडाच्या गाड्या करून इथले लोक अख्ख्या स्पेनभर बैलगाड्या हाकत. त्यांच्या संघाला राजाराणीने १४९७ मध्ये सनद दिली: वाटेत बैल चारायची, गाडी मोडली तर रानातून लाकूड घ्यायची मुभा. आणि विनुएसाच्या बायकांचं एक सांगायलाच हवं. ऑगस्टमधल्या जत्रेत त्या पाइनच्या फांद्या घेऊन दिसेल त्या पुरुषाला बडवतात. बडवताना म्हणायचं, 'आजपासून वर्षाने पुन्हा', आणि मार खाणाऱ्याने म्हणायचं, 'आभारी आहे'. मूळ कथा कोवालेदाशी झालेल्या सीमातंट्याची आहे: हद्दीवरच्या झाडात सापडलेली देवीची मूर्ती कुणाची यावरून. मामीला हा सण कळवा. तिला आवडेल.

दुसऱ्या दिवशी घाट चढलो. इथं मला एक गंमत सापडली. डोंगरातल्या खिंडीला स्पॅनिशमध्ये 'पुएर्तो' म्हणतात, आणि समुद्रावरच्या बंदरालाही पुएर्तोच. साडेसतराशे मीटरवर 'पुएर्तो दे सांता इनेस' अशी पाटी बघून परका माणूस जहाज शोधील. मैत्रीण म्हणाली, तुमच्याकडे नसेल असला गोंधळ. मी म्हटलं, आमच्याकडे घाट म्हणजे डोंगरातला रस्ता आणि घाट म्हणजे नदीच्या पायऱ्यासुद्धा; शिवाय भांड्याचा घाट निराळाच. ती गप्प झाली.

खिंडीच्या अलीकडे लागुना नेग्रा, काळं तळं. हिमनदीनं कोरलेल्या कड्याखाली निपचित पडलेलं. आंतोनियो माचादो हा कवी १९०७ ते १९१२ सोरियात फ्रेंचचा मास्तर होता. १९१० मध्ये तो या बाजूला दुएरोच्या उगमाकडे भटकून गेला आणि नंतर त्याने 'आल्वारगोन्सालेस'ची दीर्घ कविता लिहिली: जमिनीच्या लोभापायी मुलगे बापाला मारतात आणि पायाला धोंडा बांधून याच तळ्यात टाकतात. या तळ्याला तळ नाही असं जुने लोक सांगत. प्रत्यक्षात खोली आठ-दहा मीटर. पण कड्याची सावली पाण्यावर पडलेली असताना हा आकडा पटत नाही, आणि वाटणीपायी बापाचा जीव घेणारी गोष्ट इथली का, ते मात्र आदल्या रात्रीच्या गप्पांनंतर नीट कळतं.

उगम आणखी वर, उर्बियोनच्या माथ्याखाली. शिखर २२२८ मीटर. निघालो होतो, पण तासाभरात धुकं असं उतरलं की पुढच्या दगडावरची खूण दिसेना. परतलो. तुम्ही म्हणाल तेच: नदीचं मूळ शोधू नये.

मग खिंड ओलांडून पलीकडे मोंतेनेग्रो दे कामेरोस या गावी उतरलो. खिंडीवर पडलेल्या पावसाचं अलीकडचं पाणी दुएरोतून पोर्तुगालात, अटलांटिकला. पलीकडचं एब्रोतून भूमध्य समुद्राला. आणि पलीकडची गावं लाकडाची नाहीत, मेंढरांची. शेकडो वर्षं इथले मेंढपाळ थंडी लागली की कळप घेऊन दक्षिणेला एस्त्रेमादुराकडे उतरत, उन्हाळ्यात परत. आपल्या धनगरांसारखंच. मेंढपाळांचा मेस्ता नावाचा बलाढ्य संघ १२७३ पासून होता, तो १८३६ मध्ये मोडला. लोकरीचा धंदा बसला आणि गावं रिकामी होत गेली. मोंतेनेग्रोत घरं देखणी, दारांवर दगडात कोरलेली कुळांची चिन्हं, आणि बहुतेक दारांना कुलुपं. कळप विकता येतो, कुरण सोडता येतं. झाड उचलून नेता येत नाही, हाच काय तो फरक असावा. घाईत काढलेला निष्कर्ष आहे, पण तुमच्यापासून काय लपवायचं.

निघायच्या सकाळी आजीबाईंनी न विचारता सांगितलं: त्यांची आई ला मुएद्राची. लग्न होऊन विनुएसाला आली म्हणून तिचा रानातला वाटा इथं लागला. मामांचं घर मात्र खाली गेलं आणि मामा कुठल्या कुठे पांगले. "पाण्यात आमचा वाटा नाही पडला," त्या म्हणाल्या. रागाने नाही, दूध संपलं म्हणून सांगावं तसं. मी त्यांना उजनीचं सांगितलं, तुमचंही सांगितलं, गेरूच्या नंबरांसकट. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं: नंबर टाकताना घरातली माणसं काय म्हणायची?

मला सांगता आलं नाही. तुम्ही लिहा. मी स्पॅनिशमध्ये करून त्यांना पाठवीन. त्या वाट बघतायत.

मामीला नमस्कार.

तुमची,
शमा

ता. क. सांडव्याला दरवाजे किती, ते मोजायचं पुन्हा राहिलंच.