गुलाब हलवताना

लोकमान्य नगरातलं आमचं घर विकायचं ठरलं, तेव्हा आईनं एकच अट घातली. "मी येते तुझ्याकडे, पण गुलाब बरोबर येतील." शिसवी कपाट, झोपाळा, बाबांची पुस्तकं यांबद्दल ती काही बोलली नाही. गुलाब मात्र मोजून सांगितले. अकरा.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. भाऊ पुण्यात, मी राऊच्या बाजूला रो-हाऊसमध्ये आणि आई चाळीस वर्षांच्या घरात एकटी. आपल्यापैकी बऱ्याच घरांतली ही गोष्ट आहे, त्यामुळे ती लांबवत नाही. बोलणं झालं संक्रांतीच्या सुमारास. घर घेणाऱ्यांना ताबा नोव्हेंबरअखेर द्यायचा होता. म्हणजे हाताशी दहा महिने होते. माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. मोठी सिस्टीम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायची तर आम्ही आधी बॅकअप घेतो, नवी जागा तयार करतो आणि कमी गर्दीची वेळ निवडतो. आई आणि आमचे माळीकाका यांनी नेमकं तेच केलं, फक्त कॉम्प्युटरशिवाय.

बॅकअप पहिल्याच महिन्यात घेतला गेला. बाजारातला बहुतेक कलमी गुलाब म्हणजे दोन झाडं असतात, हे आपल्या पिढीला फारसं माहीत नसतं. खाली मुळं असतात ती रानटी, काटक गुलाबाची. त्याला खुंट म्हणतात. त्याच्या सालीत हव्या त्या वाणाचा एक डोळा भरतात आणि फुलं त्या डोळ्यातून वाढलेल्या फांदीला येतात. आमच्याकडे हे काम थंडीतच होतं. माळीकाकांनी जानेवारीत कुंड्यांमध्ये खुंट तयार ठेवले आणि प्रत्येक वाणाचे दोन-दोन डोळे भरून घेतले. "झाड गेलं तरी वाण जायला नको," आई म्हणाली.

आमच्या बागेतला 'पीस' हा पिवळा, कडेला गुलाबी झाक असलेला गुलाब तर असाच वाचलेला आहे. फ्रान्समधल्या फ्रान्सिस मेयाँ यांनी तो तयार केला. दुसरं महायुद्ध त्यांच्या दाराशी येण्याआधी त्यांनी त्याचे डोळे असलेल्या काड्या परदेशी पाठवल्या आणि अमेरिकेत १९४५ साली त्याला 'पीस', म्हणजे शांती, हे नाव मिळालं. बाबा ही गोष्ट येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. डॉ. बी. पी. पाल यांचीही सांगत. गव्हावर संशोधन करणारा, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा पहिला महासंचालक झालेला माणूस फावल्या वेळात गुलाबाचे नवे वाण तयार करतो, याचं बाबांना फार अप्रूप होतं.

जुलैत पहिला पाऊस झाला आणि मी म्हटलं, आता हलवूया, सगळेच पावसाळ्यात झाडं लावतात. आई म्हणाली, "रोप लावणं वेगळं, जुनं झाड हलवणं वेगळं." माळव्याची काळी माती पावसात लोण्यासारखी होते. मुळांभोवती मातीचा गोळा, ज्याला माळी हुंडी म्हणतात, तो धरतच नाही. उचलताना माती गळते आणि बारीक मुळं तुटतात. वर खड्ड्यात पाणी साचून उरलेली मुळं कुजतात. उन्हाळ्यात हीच माती दगड होते आणि तिला भेगा पडतात. मधला काळ थोडाच मिळतो, साधारण दसऱ्यापासून दिवाळीच्या मागेपुढेपर्यंत. माळीकाका त्याला क्वार-कातिक म्हणतात, आई अश्विन-कार्तिक म्हणते आणि माझ्या फोनवर ऑक्टोबर-नोव्हेंबर दिसतो.

त्या दिवसांत जमिनीत ओल असते, पण चिखल नसतो. माती अजून उबदार असते, त्यामुळे नवी मुळं फुटतात. हवा मात्र थंड होत चाललेली असते, त्यामुळे पानांतून पाणी कमी उडतं. मुळांना काम मिळावं आणि शेंड्याला विश्रांती, असा हा काळ. शिवाय गुलाबाची वार्षिक छाटणीही याच सुमारास असते, म्हणजे कात्री तशीही लागणारच असते.

इंग्लंडमधले व्हिडिओ बघून मला वाटलं होतं की माती झटकून नुसती मुळं नेली तरी चालेल. तिकडे हिवाळ्यात गुलाबाची पानं गळतात आणि झाड झोपी जातं, म्हणून ते उघड्या मुळांनी नेता येतं. आपल्याकडचा गुलाब झोपत नाही. थंडी हा तर त्याचा बहर. जागं असलेलं झाड न्यायचं, तर मातीसकटच न्यावं लागतं.

सप्टेंबरच्या शेवटी माझ्या घरामागे खड्डे खणले. दीड ते दोन फूट खोल, तेवढेच रुंद, सकाळचं पाच-सहा तास ऊन येईल असे. वरच्या चार इंचांखाली बिल्डरचा मलबा निघाला, विटांचे तुकडे आणि सिमेंट. तो सगळा काढून टाकला. निम्मी काळी माती, बाकी कुजलेलं शेणखत आणि वाळू, वर वाळवीसाठी मूठभर निंबोळी पेंड, असं मिश्रण भरलं. मी विचारलं, जुन्या बागेतलीच माती आणली तर झाडांना ओळखीचं वाटेल ना? माळीकाका हसले. जिथं वर्षानुवर्षं गुलाब होता, त्या मातीत नव्यानं लावलेला गुलाब नीट वाढत नाही. हुंडीबरोबर येईल तेवढी जुनी माती पुरे, बाकी नवीच हवी.

कोजागिरीनंतरच्या रविवारी काम सुरू झालं. आदल्या दिवशी आळी भरून पाणी दिलं होतं. आधी छाटणी. पाच फुटांची झाडं दीड फुटांवर आणली, वाळक्या आणि बारीक फांद्या काढल्या, पानं खुडली. कापलेल्या टोकांना मोरचूद-चुन्याचा लेप लावला, नाहीतर फांदी वरून खाली वाळत येते. फुलं असलेल्या फांद्या कापताना मला कसंसंच झालं, पण आईचा हात थांबला नाही. खणताना निम्मी मुळं तुटणारच. उरलेल्या मुळांना पाच फुटांचं झाड पोसता येत नाही. जेवढं खाली गेलं, तेवढं वरून कमी करायचं, हा सरळ हिशेब.

मग खोडापासून फूटभर अंतरावर गोल चर, कुदळीनं सावकाश, खालून पहार घालून हुंडी सुटी केली, ओल्या गोणपाटात बांधली आणि छोट्या टेम्पोतून राऊला. ऊन उतरल्यावर लावली. डोळा भरलेली गाठ मातीच्या जरा वर राहील अशी, कारण ती पुरली गेली तर कुजायची भीती असते. भरपूर पाणी, वर हिरव्या जाळीची सावली. दोन रविवारांत अकरा झाडं झाली.

त्याच पंधरवड्यात आईनं आपली कपाटं रिकामी केली. तांब्याचे मोठे हंडे, पंचवीस माणसांचं पंगतीचं सामान, निम्म्या साड्या, सगळं वाटून टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "तिथं कुठं ठेवणार? आणि रोज बघून वाईट वाटण्यापेक्षा वापरणाऱ्याकडे बरं."

पुढचे दिवस कठीण होते. झाडांचेही आणि तिचेही. दहा-बारा दिवस अकरा काळपट काड्या नुसत्या उभ्या होत्या. मी खत घालायचं म्हटलं की माळीकाका मान हलवत. तुटलेल्या मुळांना खत सोसत नाही, नवी फूट दिसेपर्यंत फक्त पाणी, तेही बोट घालून माती कोरडी लागली तरच. आईला नव्या कॉलनीत मराठी बोलणारं कुणी नव्हतं. तिथं तिला ना भजनी मंडळ, ना कोपऱ्यावरचा ओळखीचा दुकानदार. आम्ही उत्साहानं योगवर्ग, सीनियर सिटिझन क्लब, मोबाइलचा क्लास अशी यादी केली. ती म्हणाली, "जरा थांबा गं. मला आधी रात्री झोप लागू दे." आम्ही थांबलो. ती रोज सकाळी चहाचा कप घेऊन झाडांपाशी जायची आणि आम्ही तिला जाऊ द्यायचो.

दिवाळी झाल्यावर पहिली तांबूस फूट 'ग्लॅडिएटर'ला दिसली. मग गुलकंदाच्या देशी गुलाबाला. नऊ झाडांनी जीव धरला, दोन गेली. त्यातला एक 'सुपर स्टार', बाबांनी स्वतः डोळा भरलेलं पहिलं झाड. डिसेंबरात त्याच्या बुडातून जोरदार हिरवी फूट आली आणि आई हरखली. माळीकाकांनी पानं मोजून दाखवली, एका देठाला सात-सात. जागाही गाठीच्या खालची. ती खुंटाची फूट होती, बाबांचा गुलाब वरून मेला होता. आई दोन दिवस काही बोलली नाही. मग म्हणाली, "खुंट जिवंत आहे ना? मग त्यावरच भरा." जानेवारीत भरलेल्या कुंडीतल्या 'सुपर स्टार'चा डोळा काढून या जानेवारीत जुन्या मुळांवर भरला. तो लागला. मार्चमध्ये त्याला एक फूल आलं, तसं लहानच, पण रंग तोच, शेंदरी.

माणसाला झाडाची उपमा फार ताणू नये. झाडाला कुणी विचारत नाही, आईला विचारावं लागतं आणि विचारलंच पाहिजे. पण आपल्या वयाच्या अनेकांवर येत्या काही वर्षांत ही वेळ येणार आहे, इंदूरात, बडोद्यात, बेळगावात. आई-वडिलांचं जुनं घर आवरायचं आणि त्यांना आपल्याकडे आणायचं. त्यासाठी एवढंच सांगावंसं वाटतं. घाई करू नका, काही महिने आधी सुरुवात करा. काय सोडायचं हे त्यांना ठरवू द्या आणि ते जे मोजून बरोबर घेतील ते, तुम्हाला कितीही गैरसोयीचं वाटलं तरी, टेम्पोत चढवा. आल्यावर लगेच नव्या गोष्टींचा मारा करू नका. एखादं झाड जाईलही, त्याची तयारी ठेवा.

ज्यांना गुलाब हलवायचे आहेत त्यांनी खड्डे पितृपक्षातच खणून ठेवावेत आणि दसऱ्यानंतर माळी शोधावा. आमच्या गल्लीत तर आता चार घरांनी आईकडे डोळे मागितले आहेत. पैकी एकही घर मराठी नाही. आई त्यांना डोळा भरणं शिकवते, अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत आणि त्या बायका 'खुंट' हा शब्द छान म्हणायला लागल्या आहेत.